सनद ठेवून आलेले वकील

नानांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी विजेच्या खांबावर होतो आणि नाना खाली रस्त्यावर. जळगावात तेव्हा केबल टीव्ही नवा होता. घराघरांवरून काळ्या तारा ओढायचे काम मी करत होतो. मूळचा मी शिंदखेडा तालुक्यातला, बारावी अर्धवट सोडलेला, एका मित्राच्या भरवशावर जळगावला आलेला. तो मित्र पुढे आठवड्यातच सुरतेला निघून गेला. पण तो विषय वेगळा.

तर मी खांबावर, आणि खाली एक स्कूटर थांबली. काळा कोट, पायात चपला, हँडलला लटकवलेला डबा. वर मान करून त्यांनी विचारले, "अहो, ही तार किती लांबवर नेता येते?"

मी मागे वळून पाहिले. मला अहो म्हणणारे जळगावात कुणी नव्हते. शिंदखेड्यातही नव्हते. मग त्यांनी आणखी विचारले. लांब नेल्यावर चित्र फिके होते का, मध्येच तुटली तर कळते कसे. आणि शेवटी म्हणाले, "या तारेतून उलटा निरोप पाठवता येईल का? म्हणजे घरातून तुमच्या ऑफिसकडे?"

मी म्हणालो, "उलटा कशाला पाठवायचा साहेब? लोकांना पिक्चर पाहायचाय."

ते हसले. "असू द्या. विचारून ठेवतो," म्हणाले आणि गेले. त्या दिवशी त्यांना कोर्टात पोचायला उशीर झाला. त्यांचे कारकून पुढे मला नेहमी ऐकवत की, साहेबांच्या सबंध वकिलीत कोर्टाला एकदाच थांबावे लागले ते माझ्या एका खांबामुळे.

अ‍ॅडव्होकेट काशिनाथ भंगाळे, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या आपल्या सर्वांचे नाना, यंदा साठी पूर्ण करत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या वकिलीवर लिहायला मोठमोठी माणसे आहेत. समितीने माझ्याकडे त्यांच्या इंटरनेटच्या उद्योगाविषयी लेख मागितला आणि सोबत सूचना दिली की लेखकाने विषयाला धरून राहावे. ही सूचना इतर कुणाला गेलेली नाही, हे मी विचारून घेतले आहे. मी प्रयत्न करतो.

मात्र नानांचा इंटरनेट समजायचा असेल तर आधी त्यांची वकिली पाहावी लागते. ऐंशीच्या दशकात जळगावच्या दिवाणी न्यायालयात त्यांचा जम बसला होता. शेताचे बांध, वाटण्या, रस्ते, विहिरीचे पाणी अशा दाव्यांत त्यांचे नाव होते. त्यांची एक पद्धत होती. तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते पक्षकाराला घरी बोलवत, पडवीत बसवत आणि त्याचाच दावा त्याला समजावून सांगत. दुसरी बाजू काय म्हणेल तेही सांगत. मग म्हणत, "आता तुम्ही मला सांगा." पक्षकार अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. चहा मात्र प्रत्येक फेरीला नवा येई. काकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, एकदा सुचवले होते की ज्याला दावा लवकर कळत नाही त्याच्याकडून साखर तरी आणवावी. इतर वकील त्यांची चेष्टा करत. पक्षकाराला एवढे समजले तर आपण कशाला, असे ते म्हणत. नानांचे म्हणणे साधे होते. ज्याला आपला दावा कळत नाही, त्याला निकालही कळणार नाही, मग तो जिंकलेला असो की हरलेला.

जळगावजवळच्या असोद्याच्या यमुना अक्का या त्यांच्या जुन्या पक्षकार. अक्कांच्या केळीच्या शेताला जाणारा गाडीरस्ता शेजाऱ्याने चर खणून बंद केला होता. केळीचा घड कापला की त्याला थांबता येत नाही. तो डोक्यावर घेऊन, दुसऱ्यांच्या बांधांवरून, विनवण्या करत सडकेपर्यंत न्यायचा. त्या रस्त्याचा दावा वर्षानुवर्षे चालला होता. नानांच्या पडवीत बसून बसून अक्कांना तो इतका पाठ झाला होता की बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईलाही त्या दोन्ही बाजू ऐकवत. आपण हा दावा शेवटपर्यंत नेऊ, असा शब्द नानांनी त्यांना दिला होता. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढे सगळे त्यावरच अडले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नानांनी कॉम्प्युटर घेतला, दावे टाइप करायला. कोर्टाबाहेर बसणारे टाइपरायटरवाले चिडले, तेव्हा नानांनी त्यांना दर रविवारी घरी बोलावून त्याच यंत्रावर शिकवायला सुरुवात केली. त्यांतले दोघे आज आमच्या जळगावच्या कार्यालयात आहेत. एकाने अजूनही ओळ संपली की उजवीकडे हात मारून ती ढकलायची सवय सोडलेली नाही.

मग मोडेम आला. जळगावहून थेट जोडणी नव्हती, मुंबईला एसटीडी लावावी लागे. पहाटे लाइन मोकळी असे. यंत्र आधी शिट्टी वाजवी, मग खरखरे, मग गप्प होई, आणि त्या गप्प होण्यात कधी जोडणी असे, कधी नसे. नानांनी मला केबलवाल्यांकडून शोधून काढले. म्हणाले, "तुम्ही तेव्हा विचारलं होतं ना, उलटा निरोप कशाला? या, दाखवतो." मी गेलो. अमेरिकेतल्या त्यांच्या पुतण्याचे उत्तर पडद्यावर आलेले मी पाहिले. त्यात विशेष काही नव्हते. तिकडे थंडी आहे, एवढेच होते. पण मी कितीतरी वेळ ते वाचत उभा राहिलो.

त्यातून आमचा उद्योग उभा राहिला. ज्यांची मुले परदेशी किंवा दूर गेली आहेत अशांचे निरोप टाइप करून पाठवायचे, आलेले छापून घरी पोचवायचे. आधी जळगाव, मग धुळे. धुळ्याचे कार्यालय नानांनी माझ्याकडे दिले. घरच्यांनी ऐकले तेव्हा आईने विचारले होते, "तुले कोनी दिन्हं ऑफिस?" तिचा संशय रास्त होता.

शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात पहिले उत्तर मी स्वतः मोटरसायकलवर घेऊन गेलो. मुलगा अमेरिकेत, वडील आबा ओट्यावर उभे. मी गाडी लावली आणि घडी केलेला कागद पुढे केला. आबांनी कागद पाहिला आणि ते खालीच बसले. आतून रडण्याचा आवाज आला. शेजारची माणसे धावली. एक जण आबांच्या बहिणीच्या गावी कळवायला सायकल काढूनही निघाला. आमच्याकडे दारात अनोळखी माणूस येऊन न बोलता घडीचा कागद देतो तो एकाच कारणासाठी, मयताची खबर द्यायला, हे मला तिथलाच असून सुचले नव्हते. शेवटी गावातल्या मास्तरांनी कागद उघडून वाचला. मुलाने विचारले होते की शेवेच्या भाजीचा मसाला आई आधी भाजते की नंतर.

आबा भानावर आले तेव्हा मला म्हणाले, "अरे भाऊ, मसाला इचारासाठे मना जीव लेतस का?"

हे मी जळगावला सांगितले तेव्हा सगळे हसले, नाना हसले नाहीत. त्यांनी विचारले, दारात गेल्यावर तुम्ही पहिला शब्द काय बोललात? मी काहीच बोललो नव्हतो. नाना म्हणाले, बेलीफ समन्स घेऊन जातो तोही आधी दोन शब्द बोलतो. आपण तर त्याहून वाईट केले. मी सुचवले की निघण्यापूर्वी निरोप वाचून घेत जाऊ, म्हणजे दारातच सांगता येईल. त्यावर मात्र ते ठाम होते. पत्र त्यांचे आहे, आपण पोचवणारे आहोत, वाचायचे नाही.

मग त्यांनी एक नियम केला. परदेशातल्या सगळ्यांना त्यांनी कळवले की सर्व ठीक असेल तर निरोपाच्या विषयाच्या जागी एकच शब्द लिहा, खुशाल. तेवढा शब्द वर मोठ्या अक्षरात छापायचा, बाकी कागद दुमडून पिन मारायची. पोचवणाऱ्याने फाटकातूनच ओरडायचे, "खुशाल शे", असोद्याकडे असेल तर "खुशाल हाये", आणि मगच पायरी चढायची. विषयाची जागा रिकामी असली तर तो कागद आमच्यापैकी कुणी न्यायचा नाही, नाना स्वतः जाणार. असे कागद आले. नाना गेले. तिथे ते किती वेळ बसले, काय बोलले, हे मी लिहिलेले त्यांना आवडणार नाही.

धुळ्यातल्या पोरांनी माझे नावच खुशाल पाडले. मोटरसायकल दिसली की "आला रे खुशाल" म्हणत. मी ते चालवून घेतले.

उद्योग असा रुजत होता तेव्हाच नानांविरुद्ध तक्रार झाली. वकिलाला वकिली चालू ठेवून दुसरा धंदा करता येत नाही, हा वकिलांचा नियम आहे. मला तोवर ठाऊक नव्हता. एका वकीलसाहेबांनी वरती, बार कौन्सिलला, कळवले की भंगाळे वकील काळ्या कोटात दुकान चालवतात. मित्रमंडळी पडवीत जमली. उपाय सगळ्यांकडे एकच होता, कार्यालय काकूंच्या नावावर करून टाकावे, सगळे असेच करतात.

"तिला विचारून झालंय," नाना म्हणाले. "ती म्हणते, त्या यंत्राची शिट्टीच मला सोसत नाही, त्याला नाव कशाला देऊ."

सगळे हसले. मग ते शांतपणे म्हणाले, "तक्रार खरी आहे. खऱ्या तक्रारीवर लढायचं कशाला? कोट ठेवायचा की हे, एवढंच ठरवायचंय."

आणि ते ठरवणे सोपे नव्हते, कारण अक्कांचा दावा शेवटच्या युक्तिवादाला आला होता. कोट ठेवला तर दोन्ही कार्यालये बंद करावी लागणार होती. कोट उतरवला तर अक्कांना दिलेला शब्द मोडणार होता. दुसऱ्या दिवशी नाना मला म्हणाले, गाडी काढा, असोद्याला जायचंय. मी गाडी काढली. धुळ्याच्या कार्यालयाच्या भिंतीला मी आदल्याच महिन्यात रंग दिला होता, तो वाटभर डोळ्यासमोर येत होता.

अक्का ओट्यावर तूर निवडत होत्या. नाना समोर बसले आणि त्यांनी सगळे सांगितले, नियम, तक्रार, वकिलीची सनद परत करण्याचे. त्यांच्या पद्धतीप्रमाणे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही सांगितले. अक्कांनी सुपातून मान वर केली नाही.

"लोकाच्या पोरायचे निरोप पोचवाले निंघाले," त्या म्हणाल्या, "अन् माह्या घडाची गाडी चरात."

"खरं आहे," नाना म्हणाले. "म्हणूनच सांगायला नाही, विचारायला आलोय. तुम्ही नको म्हणालात तर दुकान बंद करतो. निकाल लागेपर्यंत कोट अंगावर राहील."

अक्कांनी आता माझ्याकडे पाहिले. "हा कोन?"

"धुळ्याचं ऑफिस हे पाहतात."

"मंग याचं काय?"

"त्यांना अजून विचारलेलं नाही," नाना म्हणाले, आणि त्यांनाच ते खटकलेले दिसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं काय म्हणणं आहे?"

असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, आधी अक्कांचा रस्ता. खरे सांगायचे तर ते बोलतानाही तो भिंतीचा रंगच डोळ्यासमोर होता. अक्कांनी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "दुसरा वकील द्या. पन माह्या तारखेले तुमी तठी दिसले पाह्यजे. कोट नसला तरी चालीन."

नानांनी सनद जमा केली. दाव्याची कागदपत्रे त्यांनी आपल्या सहकारी शैलाताईंकडे दिली. शैलाताई हुशार वकील, कागद त्यांना मुखोद्गत होते. तरी आदल्या संध्याकाळी पडवीतली बैठक झालीच, फक्त या वेळी नाना बाजूला बसले. अक्कांनी शैलाताईंना दावा सांगितला. शेजाऱ्याच्या विहिरीचे इंजिन त्याच रस्त्याने बैलगाडीतून कसे आले, गाडी रुतली तेव्हा शेजाऱ्याच्या वडिलांनी स्वतः चाकाला खांदा कसा लावला, हे सारे हातवारे करून सांगितले. आणि मग अक्का म्हणाल्या, "आता तुमी मले सांगा." शैलाताईंनी सांगितले. अक्कांनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा नाना भिंतीकडे तोंड करून हसत होते.

तारखेला नाना पांढऱ्या शर्टात, मागच्या बाकावर, मी शेजारी. न्यायाधीशांनी सवयीने त्यांच्याकडे पाहून विचारले, "बोला वकीलसाहेब?" नाना अर्धवट उठले. म्हणाले, "मी फक्त ऐकायला आलोय, साहेब."

शैलाताईंचा युक्तिवाद चांगला चालला होता. मग समोरच्या वकिलांनी एक मुद्दा काढला. हा रस्ता जुना असेल तर नकाशात का नाही? शैलाताई कागद चाळू लागल्या. नेमके पान सापडेना. त्यांनी मागे वळून नानांकडे पाहिले. उत्तर नानांना माहीत होते. साक्षीच्या कोणत्या पानावर आहे तेही माहीत होते. माझ्या खिशात पेन होते आणि चिठ्ठी लिहायला मी ते काढलेही. नानांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि खाली आपल्या चपलांकडे पाहत राहिले. त्यांची बोटे किती घट्ट होती ते मला माहीत आहे.

शैलाताईंची नजर मग अक्कांवर गेली. अक्का गुडघ्यांवर हात ठेवून निवांत बसल्या होत्या, जणू पुढचे सगळे त्यांना ठाऊक होते. शैलाताई थांबल्या आणि कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, नकाशात रस्ता नाही, पण प्रतिवादीच्या विहिरीवर इंजिन आहे, ते आले कुठून? प्रतिवादीच्या साक्षीदारानेच उलटतपासणीत दिलेली कबुली त्यांनी वाचायला घेतली. पान आता लगेच सापडले.

नानांनी हात उचलला. मी पेन खिशात ठेवले.

निकाल अक्कांच्या बाजूने लागला. चर बुजवला गेला.

सनद गेल्यावर नाना अधिक लिहू लागले. इंटरनेटवर त्यांचे एक पान आहे, 'कोर्टाबाहेरून' नावाचे. अशा लिखाणाला काय म्हणायचे ते अजून कुणी ठरवलेले नाही, नाना त्याला नुसते पान म्हणतात. मोडेम पावसाळ्यात का बिघडतो, परदेशातून आलेल्या फाइलीतले मराठी मुंग्यांसारखे का दिसते, यंत्रावर केलेला करार कोर्टात टिकेल का, असे सगळे त्यात असते. एकदा विजेच्या जोडणीबद्दल त्यांनी चुकीचे लिहिले. दुसऱ्या दिवशी जुने वाक्य न पुसता त्यावर रेघ मारून, शेजारी बरोबर वाक्य आणि खाली सही. शपथपत्रात खाडाखोड अशीच करायची असते, हे मला तेव्हा कळले. ज्या वकीलसाहेबांनी तक्रार केली होती, त्यांच्या मुलीचे निरोपही आज आमच्याच कार्यालयात येतात. त्यांच्या फाटकातूनही आम्ही खुशाल ओरडतो.

माझ्याविषयी एकच सांगतो. मी या काळात बरेचदा निघून गेलो, कधी सुरत, कधी इंदूर, एकदा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलो तो तिथल्या एका व्यापाऱ्यासोबत पार मध्य प्रदेशात. परत आलो की खुर्ची रिकामी ठेवलेली असे. नाना रागावत नसत. विचारत, "काय पाहिलंत?" आणि मी सांगितलेले त्यांच्या पानासाठी लिहून मागत. माझे शुद्धलेखन ते गुपचूप दुरुस्त करत, पण मी एखादी गोष्ट फुगवून लिहिली की बोलावून विचारत, हे तुम्ही स्वतः पाहिलंत का? अर्धवट शिकलेल्या माणसाला आज या ग्रंथात लिहायची छाती होते, ती त्या प्रश्नामुळे. मी जळगावात यायच्या आधीचे सोडले तर या लेखातले सगळे मी स्वतः पाहिलेले आहे.

शेवटचे एक. चर बुजवल्यावर पहिल्या कापणीला अक्का जळगावच्या कार्यालयात आल्या. सोबत केळीचा एक मोठा फणा. म्हणाल्या, एक निरोप पाठवायचा आहे. टाइप करणाऱ्याने विचारले, कुठे, अमेरिकेला का? अक्का म्हणाल्या, नानांना. नाना भिंतीपलीकडच्या खोलीत बसले होते, त्यांचा खोकलाही ऐकू येत होता. त्याने तसे सांगितले. अक्का म्हणाल्या, "माहीत हाये. तरी पाठव. जसा सगळ्यायले पाठवतं तसा."

निरोप मुंबईला गेला आणि भिंतीपलीकडे परत आला. आमच्या पद्धतीप्रमाणे तो छापला, दुमडला, पिन मारली आणि मी नानांच्या दारातून ओरडलो. नानांनी कागद उघडला. वर तोच शब्द होता. खाली अक्कांनी एवढेच लिहवले होते: गाडी गेली.

नानांनी चष्मा काढून पुसला, आणि मग उठून बाहेर गेले, अक्कांना चहा विचारायला.

नाना, तुमच्या साठीनिमित्त तुमच्या सर्व सहकाऱ्यांच्या वतीने हा लेख तुमच्यापर्यंत पोचवतो आहे. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, प्रकृती निरोगी राहो, आणि तुमच्या नावाने या दारात येणाऱ्या प्रत्येक कागदावर आम्हाला फाटकातूनच ओरडता यावे असा तो एक शब्द असो. आणि दर पहाटे तुम्ही लाइन लावाल, तेव्हा ती एका फेरीत लागो.